खर्ज चालू असताना बोलू नये

५ सप्टेंबर, शुक्रवार

हाकललं मला. हॉटेलच्या मॅनेजरने, दार उघडं धरून, अगदी अदबीने. आजवर दोन मंत्र्यांच्या सभांतून मला उचलून बाहेर नेलंय, आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण जॅझच्या मैफिलीतून? तेही संगीताचीच बाजू घेतली म्हणून?

झालं ते असं. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या हॉटेलच्या मागच्या दालनात तिघं वाजवतात. पियानोवाली – पन्नाशीची, बुटकी, चपला काढून अनवाणी बसते आणि दोन हातांनी चार हातांचं काम करते. ड्रमवाला – खिरापत वाटावी तसे ठोके वाटतो, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. आणि तिसरा माझा खर्जवाला. स्वतःपेक्षा उंच डबल बास कवेत घेऊन उभा असतो. रुसलेल्या थोरल्या बहिणीला समजावत असल्यासारखा. गेल्या वर्षभरात मी एकही शुक्रवार चुकवलेला नाही. परिचारिका संघटनेच्या बैठका गुरुवारी ढकलल्या. कारण विचारलं तर सरचिटणीस या नात्याने ‘व्यापक जनसंपर्क’ असं सांगते.

आज खर्जवाल्याची एकट्याने वाजवायची वेळ आली. पियानो थांबला, ड्रमवर काठ्यांऐवजी नुसती तारांची कुंचली फिरत राहिली. आणि नेहमीचं सुरू झालं. पियानो चालू असताना श्वास रोखून बसणारी माणसं खर्ज लागला की एकदम कामाला लागतात! कुणी वेटरला हाक मारतं, कुणाला मेहुण्याचं ऑपरेशन आठवतं. वर्षभर सोसलं. आज उभी राहिले.

‘ज्याचा आवाज खालचा, त्याच्याच वेळी तुम्हाला गप्पा का सुचतात?’ इथून सुरुवात केली. मग गोदीतले हमाल, मग जहाजाच्या पोटात कोळसा ओढणारे, मग आमच्या रात्रपाळीच्या परिचारिका. इमारत उभी असते ती पायावर, आणि पायाला कुणी हार घालत नाही, हेही म्हटलं. दालन चिडीचूप. टाळ्या पडल्या. मी बसले.

बसले तेव्हा पियानो परत सुरू झाला होता. खर्जवाल्याची वेळ संपून गेली होती. सगळ्यांनी मला ऐकलं. त्याला कुणीच नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

नणंदेचा फोन. बातमी तिच्यापर्यंत कशी पोहोचली देव जाणे. ‘वहिनी, आग विझवायला गेलात आणि घरच बुडवलंत म्हणे.’

७ सप्टेंबर, रविवार

मॅनेजरला भेटून आले. मी लढायच्या तयारीने गेले होते. तो हिशेबाच्या तयारीने बसला होता. म्हणाला, ‘ताई, लोक बोलतात तेव्हा मागवतात. तुम्ही बोललात तेव्हा कुणी पाणीसुद्धा मागवलं नाही.’

अट अशी: येता शुक्रवार बंदी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी यायचं आणि पूर्ण मैफल तोंडातून अक्षर न काढता बसायचं. ‘वा’सुद्धा नाही. जमलं तर कायम या. नाही जमलं तर कायम नको.

मी म्हटलं, हा मुस्कटदाबीचा ठळक नमुना आहे. तो म्हणाला, ‘हो.’ अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

मान्य केलं. दुसरं काय करणार? त्या तिघांशिवाय माझा आठवडा म्हणजे नुसती निवेदनं.

९ सप्टेंबर, मंगळवार

घरी सराव सुरू. सकाळच्या चहाला एक शब्द बोलले नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात दिवसभर ‘हे बरं की हे? आता दिसतंय? आता?’ एवढंच बोलतो आणि घरी आल्यावर तेवढंही नाही. लग्नापासून आमच्याकडे बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. आज त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, बॅटरी आणली, आणि माझ्या डोळ्यांत उजेड टाकून तपासलं.

‘बाहुल्या ठीक आहेत,’ म्हणाला. तरी धास्तावलेलाच दिसला.

त्या तिघांत मला वेड लावतं ते हेच. तिथे अध्यक्ष नाही. सूचक नाही, अनुमोदक नाही, हरकतीचा मुद्दा नाही. एकाने काही मांडायला घेतलं की बाकीचे दोघं ते आपलंच असल्यासारखं उचलून धरतात, आणि कुठे सोडून द्यायचं तेही त्यांना कळतं. मागच्या महिन्यात पियानोवालीची तान भलत्याच ठिकाणी जाऊन पडली. चुकलीच ती. ड्रमवाल्याने लगेच तिथेच ठोका दिला, खर्जवाल्याने पाऊल तिकडे वळवलं, आणि चूक होती तो रस्ता झाला. आमच्या कार्यकारिणीत एवढ्यावर दोघांनी राजीनामे दिले असते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बंदी दालनात यायला आहे, गल्लीवर नाही. कायदा मीही वाचलाय.

हॉटेलच्या मागच्या गल्लीत, भाज्यांच्या रिकाम्या क्रेटांशेजारी जाऊन उभी राहिले. नवरा सोबत आला. आजवर एकदाही आला नव्हता. ‘तू भिंतीवर चढशील म्हणून,’ म्हणाला.

वाजायला लागलं. आणि भिंतीतून पियानो येईना! ड्रमची नुसती कुजबुज. आला तो फक्त खर्ज. पूर्ण संध्याकाळ तोच एकटा. मला वाटायचं, त्याला एकट्याची वेळ मिळते तेव्हाच तो काय ते बोलतो. छे. तो सगळा वेळ बोलत असतो. पियानोवाली उड्या मारते त्या याने आधीच जमीन नेऊन ठेवलेली असते म्हणून. एकदा तर तो इतका वेळ एकाच सुरावर थांबला की मला वाटलं, आता काहीतरी पडणार. मग एक पायरी उतरला. बस.

नवऱ्याने भिंतीवर तळवा ठेवला होता. ‘हाताला लागतंय,’ म्हणाला. संगीताबद्दल त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलंच वाक्य.

आचाऱ्याने खिडकीतून विचारलं, ‘काय हरवलंय का?’

१४ सप्टेंबर, रविवार

नणंद जेवायला. मी गप्प. तिने मुद्दाम संपाविरुद्ध बोलायला सुरुवात केली. मग मालकांची बाजू घेतली. मग म्हणाली, बायकांना सभेतलं काय कळतं. मी ताटातला भात मुठीत आवळला.

‘दादा, खरंच आजारी आहे रे ही,’ ती भावाला म्हणाली, आणि चक्क घाबरून घरी गेली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज रुग्णालयाच्या प्रशासकांबरोबर वाटाघाटी. मागणी जुनीच: रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात आणखी दोन परिचारिका. मी फाईल उघडली, मागणी वाचली, आणि म्हटलं, आज इथेही सराव करून बघू. पियानोवाली करते तसा. ती मधेच हात उचलून घेते, आणि तिने न वाजवलेलंही ऐकू येतं.

साहेब म्हणाले, ‘अशक्य.’ मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

‘म्हणजे, एक देता येईल.’ मी पाहत राहिले.

त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. ‘तुम्ही काही बोलत का नाही? प्रेसला बोलावलंय का? बरं, मोठ्या वॉर्डांना दोन. सगळ्याच वॉर्डांना दोन, झालं?’

बाहेर आल्यावर आमची खजिनदार कुजबुजली, ‘ताई, भाषण विसरलात ना? मी देवाचं नाव घेत बसले होते.’ तिला खरं सांगितलं नाही. इतकी वर्षं मी नको तिथे घसा फोडला, हे सरचिटणीसाने खजिनदाराला सांगायचं नसतं.

२० सप्टेंबर, शनिवार

काल घरी यायला उशीर झाला म्हणून आज लिहितेय.

आम्ही दोघं गेलो. नवरा नवा शर्ट घालून. मॅनेजरने आम्हाला स्वतःच्या काउंटरसमोर बसवलं, म्हणजे माझ्या ओठांवर त्याची नजर. तिघं काय वाजवत होते काल! ड्रमवाला आणि पियानोवाली एकमेकांचं वाक्य पळवत होते – ती अर्धं म्हणायची, हा पुरं करायचा, ती त्याला खोटं पाडायची. खर्जवाला मधे उभा, दोन भांडखोर भाचरांना बाजारात नेणाऱ्या मामासारखा. तीनदा ‘वा’ जिभेवर आला. तीनदा गिळला.

मग पियानो थांबला. कुंचली फिरू लागली. खर्ज.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बायकोला सांगू लागले की नळाचा वॉशर त्यांनी स्वतः बदलला. आधी जुना कसा होता ते. मग नवा. मी टेबलाची कड घट्ट धरली. माझ्या आयुष्यातले सगळे शुक्रवार त्या कडेला लटकत होते.

आणि माझ्या बाजूची खुर्ची सरकली.

‘ज्याचा आवाज खालचा,’ नवरा म्हणाला, ‘त्याच्याच वेळी तुम्हाला गप्पा का सुचतात?’

मी वर पाहिलं. तो उभा होता. चष्मा हातात. मग गोदीतले हमाल आले, मग जहाजाच्या पोटातले कोळसेवाले. माझं भाषण! माझ्याच क्रमाने, माझ्याच थांब्यांसकट, डावा हातसुद्धा माझ्यासारखाच वर. त्या शुक्रवारी तो तिथे नव्हता. घरी येऊन मी ते त्याला स्वयंपाकघरात करून दाखवलं होतं, तेव्हा तो बटाटे सोलत होता. मला वाटलं होतं, बटाटेच सोलतोय.

परिचारिकांच्या थोडं आधी त्याला मॅनेजरने दंडाला धरलं. तो दारातूनही बोलतच होता. पायाला हार घालणारं वाक्य तर माझ्यापेक्षा बरं म्हटलं त्याने.

मी अक्षर काढलं नाही. अट पाळली. मला कायमचा प्रवेश, त्याला कायमची बंदी.

घरी येताना म्हटलं, ‘माफीचे दोन शब्द बोल ना त्याच्याशी, सोडेल तो.’

‘नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.’

हेही माझंच वाक्य.

२४ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी दार वाजलं. खर्जवाला! हातात वाद्य नाही, त्यामुळे क्षणभर ओळखलाच नाही. वाद्याविना अगदीच किरकोळ माणूस आहे तो. मॅनेजरशी तडजोड करून आला होता.

‘तुम्ही दोघांनी एकत्र यायचं नाही,’ म्हणाला. ‘एक आवरलं की दुसरं फुटतं. एका शुक्रवारी एकाने, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याने. मुकाट्याने.’

‘आधी कोण?’ मी विचारलं. लोकशाही पद्धत म्हणून मतदान घेतलं. मी मला, नवऱ्याने स्वतःला. समसमान. तेव्हा निर्णायक मत पाहुण्याचं, हा नियमही मीच सांगितला. माझी हौस!

खर्जवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. ‘हे,’ नवऱ्याकडे बोट. ‘तुम्ही माझी वेळ पुरी बुडवलीत. यांनी अर्धीच.’

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तो निघाला आत्ताच. चष्मा दोनदा पुसून, या वेळी मागच्या गल्लीत नाही, थेट दालनात बसायला. मी घरी.

दारात म्हटलं, ‘आल्यावर मला सगळं सांग. सगळं म्हणजे सगळं.’

‘सांगेन,’ म्हणाला. ‘पण मधे बोलायचं नाही.’