शूबिल आणि मी

४ जून
गाइड झालो. तात्पुरता. महिनाअखेर कंपालाच्या मुख्य ऑफिसातून नाबुकीरा मॅडम येणार, पाहुण्यांना विचारणार. ते समाधानी असतील तर मी परमनंट. नाहीतर परत गेटवर, तिकिटं फाडायला. तशी वेळ येणार नाही. या दलदलीत लोक येतात ते शूबिल पाहायला, बुटासारख्या चोचीचा पक्षी. मी अजून पाहिलेला नाही, पण वाचलंय सगळं.
संकल्प : रोज एक दर्शन.

६ जून
दर्शन नाही. जर्मन बाईंचं अत्तर.

९ जून
दर्शन नाही. वारा. नाव सालोंगो वल्हवतो. जुळ्यांचा बाप, म्हणून सगळे सालोंगोच म्हणतात. मूळचा कोळी, अजूनही रात्री जाळी टाकतो. पॅपिरसच्या वळणावर एकदम नाव फिरवतो. का, विचारलं. म्हणाला, तिकडे काही नाही साहेब, नुसतं गवत. जाणकार माणूस.

१४ जून
धक्क्यावर सालोंगोची बायको मासे साफ करत होती. म्हणाली, काय साहेब, दिसला का तुमचा तो? नाही म्हटलं. म्हणाली, बरं झालं बाई. तो दिसला की रात्री जाळं रिकामं. आमचे लोक लांबूनच नाव वळवतात.
अंधश्रद्धा. सालोंगोला समजावलं. त्याने मान हलवली. काम झालं.

१५ जून
दर्शन नाही. कारण शोधतो आहे.

२१ जून
नवा संकल्प. दर्शनापेक्षा माहिती मोठी. नावेच्या टोकाला उभा राहून, पाहुण्यांकडे तोंड करून भाषण दिलं. पाहुणे गुंग. एक झोपले.

२८ जून
मॅडम आल्या. भाषण उत्तम. वळणावर सगळे अचानक गप्प, कॅमेरे माझ्याकडे. एक म्हातारे बोट दाखवू लागले. नम्रपणे सांगितलं, प्रश्न शेवटी. सालोंगो पुटपुटला, मेलो, आज पोरं उपाशी. नाव वळवू लागला. मॅडम म्हणाल्या, थांब रे बाबा, पोरांचं मी बघते. मी वाक्य पूर्ण केलं.
परतताना सगळे खूश. परमनंट झालोच.

२ जुलै
गेट. पाहुणे समाधानी होते, पण माझ्या भाषणावर नाही, म्हणे. समाधानाची सुरुवात इथूनच होते.
म्हातारे पुन्हा आले. तिकीट घेता घेता मोबाइल पुढे केला. म्हणाले, तुम्ही मध्ये होतात म्हणून आकार कळतो. फोटोत माझं तोंड उघडं. मागे तो, माझ्याकडे बघत.
खूपच मोठा असतो.