दाढीवाला चोर आहे, मामा

कंपाला, जुन्या टॅक्सीतळाच्या मागे

पजुले गावच्या व्हिडिओ हॉलचे मालक, माझ्या आईचे सख्खे भाऊ आणि गेले दोन आठवडे माझा फोन न उचलणारे लबेजामामा यांना भाचा ओयेत याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. तुम्हीही बरे असाल, मामीच्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि तीळ झोडून झाला असेल (कोंबड्यांनी थोडा तरी ठेवला असेल). इथं सकाळी मटोके, म्हणजे तीच उकडलेली कच्ची केळी, दुपारी मटोके. पण तिळाचा कूट मागायला हे पत्र नाही. सोबतची पेनड्राइव्ह गुंडाळायला कागद हवा होता म्हणूनही नाही.

तुमचा निरोप बसवाल्या किडेगानं आमच्या सिनेमे भरून द्यायच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हुबेहूब तुमच्या आवाजात दिला. "त्या गाढवाला सांग, अजून एकदा चुकलास तर पडदा उतरवून त्यावर तीळ वाळत घालीन. मग गावात एकट्या ओटिमचाच हॉल राहू दे." सगळे हसले. मी नाही हसलो. तो पडदा तुम्ही शिवलात तेव्हा दुसरं टोक ताणून धरणारा मी होतो, मामा. तो उतरू द्यायचा नाही असं मी ठरवलंय.

आता चूक कशी झाली ते ऐका. आमच्या मालकीणबाई नाल्वोगा काटकसरी. एकच सिनेमा तीनदा ठेवला तर जागा जाते, म्हणून त्या चित्र एक ठेवतात आणि त्याला तीन आवाज जोडतात. एक मूळ परदेशी, एक चित्रावर बोलून लुगांडात, म्हणजे इथल्या भाषेत, गोष्ट सांगणाऱ्याचा आणि एक आपल्या गुलू शहरातल्या माणसाचा, आपल्या आचोलीतला. तुमचं यंत्र म्हातारं, त्याला फाईल बारीक करूनच भरवावी लागते आणि बारीक करताना एकच आवाज सोबत येतो. कुठला, ते आपण सांगायचं. न सांगितलं तर कॉम्प्युटर आपणहून पहिला उचलतो. चौथी नापास माणसाला हे कुणी सांगायचं? मला वाटलं, पहिला म्हणजे थोरला, त्याचा मान आधी, घरी ताटं वाढतात तसं. म्हणून चाळीसच्या चाळीस सिनेमे तुर्की बोलत तुमच्याकडे आले.

दुसऱ्या खेपेला मी हुशार झालो (तिथंच घात झाला). एका सिनेमात तिसरा आवाज आचोली निघाला, तेव्हा सगळ्यांत तिसराच धरला. पण नाल्वोगाबाईंच्या भावानं आवाज जोडताना मनाला येईल तो आधी जोडलेला. निम्म्याहून जास्त सिनेमे लुगांडात आले, आणि लुगांडा समजणारे सगळे तर ओटिमकडेच जातात, त्याच्याकडे पंखा आहे.

या वेळी मी कशावरच विश्वास ठेवलेला नाही. नऊ दिवस एकेका सिनेमाचा एकेक आवाज कानाला लावून, कुणीतरी तोंड उघडेपर्यंत ऐकलाय. कानात घालायच्या त्या बोंडांपैकी उजवंच वाजतं, त्यामुळे आता डाव्या कानानं ऐकलेलं मला खोटं वाटतं. आणि सिनेमातली माणसंही लवकर बोलत नाहीत, मामा. एकजण पाऊण तास नुसता घोड्यावर!

बाई म्हणाल्या, "ओयेत, तू नोकरी करतोस की सिनेमे बघतोस?"

"आवाज निवडतोय, बाई."

"अरे, आहेत तीन!"

"तीनातच दोनदा चुकलो ना."

तेव्हापासून त्या मला पंच म्हणतात. म्हणू देत. चाळीसही आता आचोलीत आहेत. (एकात गुलूचा सांगणारा मधेच फोन उचलून बायकोशी भांडतो. पण भांडतो आचोलीत, म्हणून राहू दिलं.)

आता लहान तोंडी मोठा घास घेतो. तुर्की सिनेमे आले तेव्हा तुम्ही काठी घेऊन पडद्याशेजारी उभे राहिलात आणि मनानंच गोष्ट सांगितलीत, हे मला किडेगाकडून कळलं. उपकार आहेत. पण त्या घोड्यांच्या सिनेमात तुम्ही दाढीवाल्याला बिचारा ठरवलंत, आणि तो चोर आहे, मामा. गुरं त्यानंच पळवली. ज्या पोराला तुम्ही डाकू म्हणून काठीनं टोचता तो नायक आहे. आणि विहिरीवर रडणारी ती दाढीवाल्याची बायको नव्हे, नायकाची बहीण आहे. तेव्हा जुनी पेनड्राइव्ह पुसून टाका, ही लावा आणि लोकांसमोर उभं राहून एकदा खरं काय ते सांगून टाका. खोट्या गोष्टीवर हॉल चालत नाही.

मामीला नमस्कार. आईला सांगा, मी जेवतो.

तुमचा भाचा
ओयेत

ता. क. बसचा आस मोडल्यामुळे पत्र दोन दिवस इथंच पडलं. तेवढ्यात किडेगा दुसऱ्या गाडीनं आला आणि बाकावर बसून सगळं बोलला. म्हणे, लुगांडाची पेनड्राइव्ह तुम्ही काढून ठेवलीत आणि रोज तुर्कीतला तो घोड्यांचाच सिनेमा लावता. रोज गोष्ट थोडी पुढे जाते. दाढीवाल्यासाठी बायका पदरानं डोळे पुसतात, ओटिम आपला हॉल लवकर बंद करून टोपी डोळ्यांवर ओढून तुमच्याकडे मागे उभा राहतो आणि तुम्ही फोन उचलत नाही तो रागानं नव्हे, घसा राखायला. हे आधी सांगितलं असतं तर माझा डाव्या कानावरचा विश्वास शाबूत राहिला असता.

ता. क. २. वर 'पुसून टाका' लिहिलंय ते वाचू नका. काहीही पुसू नका. किडेगानं मला विहिरीपर्यंत सांगितलं आणि नेमकी त्याची गाडी भरली. मी तो सिनेमा तिन्ही आवाजांत शेवटपर्यंत पाहिलाय, दाढीवाला विहिरीत उतरतो तो कुठल्याच भाषेत वर येत नाही. तुमच्या गोष्टीत येतो, असं किडेगा शपथेवर सांगतो. त्याला गुरं परत मिळतात का? नाल्वोगाबाईही विचारताहेत. किडेगाकडे सावकाश सांगून पाठवा, तो विसरतो. मी फोन करत नाही, घसा राखा.