उजवा हात सुट्टीवर

११ फेब्रुवारी

पोचलो! म्हणजे आम्ही दोघं पोचलो, हिची बॅग नाही. गाडी बदलताना हमालाने दुसऱ्याच डब्यात टाकली म्हणे. स्टेशनवरचा माणूस म्हणाला, "येईल दोन दिवसांत." हिचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, मी आहे ना, आणतो की नाही बघ!

प्रवासात हात तीनदा थरथरला. एकदा चहा सांडला. गाडीचा धक्का बसला असं हिला सांगितलं. पटलं तिला. चार महिने झाले या भानगडीला, आणि ती ठाऊक फक्त या वहीला. हिला कळता कामा नये. मुलीला तर नाहीच नाही — ती पडली डॉक्टर, लगेच सुया टोचायला घेईल.

खोली बरी आहे. खिडकीतून शहराचा जुना कोट दिसतो. शहर दोन हजार वर्षांचं, आणि मी बासष्टचा. मला काय धाड भरलीय!

१२ फेब्रुवारी

वेशीवर दगडात कोरलेला लेख आहे. सगळे माना वर करून वा वा करत होते. मी नीट बघितलं — तिसऱ्या ओळीच्या शेवटी जागा संपली आणि गड्याने चार अक्षरं चेंगरून बसवलीत! आधी आखून घ्यायला काय झालं होतं? हिला दाखवलं. म्हणते, "दोन हजार वर्षांत तक्रार करणारे तुम्हीच पहिले." म्हटलं, पस्तीस वर्षं पाट्या रंगवतोय, मी नाही बोलणार तर कोण!

परत गेल्यावर मुलीच्या दवाखान्याची पाटी करायची आहे. एक मार्चला उद्घाटन. बारा फुटांची! आमची पद्धत पहिल्यापासून ठरलेली — अक्षरांच्या रेघा मी मारतो, आत रंग ही भरते. या पाटीवर नावाखाली एक सलग रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी न लावता. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून म्हणतेय, माझी पाटी बाबाच काढणार.

आणि मीच काढणार. चार महिन्यांत एका गिऱ्हाइकाने ब्र काढलेला नाही. हात गेला असता तर लोक गप्प बसले असते होय? थकवा आहे, दुसरं काही नाही.

१३ फेब्रुवारी

आज नुसती कामं. एकही प्रेक्षणीय स्थळ नाही.

सकाळी माझ्या बुटाचा तळ चिकटवून घेतला. चांभार बडबड्या, पण काम चोख. मग हिच्या चष्म्याची दांडी. स्क्रू पडलाय, दोन दिवस ही एका हाताने चष्मा धरून शहर बघतेय! चष्मेवाला दुसऱ्या कुणाची तरी काच घासत बसलेला. म्हणाला, "अर्धा तास थांबा." मी म्हटलं, द्या इकडे, एवढ्याशा स्क्रूला अर्धा तास? दिलं त्याने. स्क्रू पडला. शोधला. परत पडला. तिसऱ्यांदा तो चष्मेवाला स्वतः गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधत होता. मी म्हटलं, स्क्रूच गुळगुळीत आहे तुमचा! ही चष्मेवाल्याला म्हणाली, "आज गारठा आहे ना, बोटं आखडतात." गारठा कसला — घामाच्या धारा लागल्या होत्या मला! शेवटी अर्धा तास थांबलोच.

जेवून लगेच पुन्हा बाहेर पडलो. गावी असलो की दुकान हिच्यावर सोडून मी दुपारी घरी जाऊन तासभर पडतो. आज ते चुकलं. हात कुरकुरणारच!

मग स्टेशन. बॅग आली होती. कपाटावर दिसतही होती, हिची निळी बॅग, दोरी बांधलेली. सामानघरातल्या बाईने फॉर्म पुढे केला. प्रवासाची नोंदणी माझ्या नावावर, म्हणून सही माझी. केली. बाईने ओळखपत्र बघितलं, फॉर्म बघितला. "जुळत नाही." दुसरा फॉर्म. मनगट टेबलाला दाबून धरलं, श्वास रोखला, केली. "आजोबा, ही तर पहिलीशीपण जुळत नाही." आजोबा! मागे रांगेत सात-आठ माणसं. मी आवाज चढवला. म्हटलं, अहो बाई, या हाताने निम्म्या गावाच्या पाट्या काढल्यात, आणि तुम्ही मला अक्षर शिकवणार? बाई बिचारी शांतपणे तिसरा फॉर्म काढायला लागली. तेवढ्यात ही पुढे झाली. "बॅग माझी आहे. आत काय काय आहे ते सांगते, घडीसकट. सही मी करते." दोन मिनिटांत बॅग ताब्यात.

येताना ही रागावली असती तर बरं झालं असतं. कोपऱ्यावर बॅग माझ्या उजव्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या डाव्या हातात धरली, आणि उजव्या हाताने माझं मनगट. रस्ता ओलांडून झाला तरी सोडलं नाही.

आता खोलीत ती कपड्यांच्या घड्या घालतेय आणि मी हे लिहितोय. हे पान वाचवत नाही मलाच. भीती वाटतेय. लिहून टाकलं एकदाचं — भीती वाटतेय!

पण बारा फुटांची रेघ म्हणजे काही सही नव्हे. सही बोटांनी होते. रेघ खांद्यातून येते. खांदा ठणठणीत आहे.

१४ फेब्रुवारी

ही खोलीत नसताना खिडकीच्या काचेवर बोटाने रेघ मारून बघितली. खांद्यातून.

नाही.

१५ फेब्रुवारी

आजचं अक्षर माझं नाही. मी सांगतोय, ही लिहितेय. काल संध्याकाळी सगळं सांगून टाकलं तिला. म्हणाली, "माहीत आहे."

सकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, पाटी माझ्या हातून व्हायची नाही गं, रेघासुद्धा आईलाच माराव्या लागतील. चालेल का तुला? ती म्हणाली, "बाबा, चार महिने झाले, तुम्ही दुपारी घरी झोपायला गेलात की आई सगळ्या रेघा पुसून पुन्हा मारते."

हे लिहायला ही तयार नव्हती. मी म्हटलं, लिही.