खुर्ची आणि ठेचा

भोर, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९६७

मालकांनी आज मला गिरणीचा मुकादम केलं. सगळ्यांदेखत मानाचा नारळ दिला आणि बसायला खुर्ची. इतकी वर्षं भाताची पोती वाहिली, त्याचं चीज झालं. मग आनंद का होत नाही?

दुपारी नेहमीसारखे सगळे पोत्यांवर गोल करून जेवायला बसले. आमच्यात ज्यानं त्यानं आपलं कालवण मधे ठेवायचं, सगळ्यांनी त्यातलंच खायचं. माझ्या घरच्या ठेच्यावर तर रोज झडप पडते. आज मी टेकणार तेवढ्यात शिवा उठला. काल याच शिवानं माझ्या हातातली भाकरी ओढून घेतली होती. म्हणाला, "मुकादम, तुमी हितं कशाला? खुर्ची हाय की तुमाला." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. खुर्ची त्यानं स्वतःच्या पंच्यानं पुसून दिली.

खुर्चीवरून त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. की मुद्दाम हळू बोलत होते? ठेचा कुणी मागितला नाही. मीही पुढं केला नाही. का नाही केला?

डबा तसाच नेला असता तर बायकोनं विचारलं असतं. म्हणून येताना नदीच्या घाटावर बसून सगळा ठेचा एकट्यानं खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. तिखट होता लई.

घरी तिनं रिकामा डबा बघितला आणि खूश झाली. "मुकादमाचा ठेचा म्हणून तुटून पडली असतील सगळी. उद्या जास्त करते."

मी व्हय म्हणालो.