सासऱ्याच्या नावाचा मुकादम

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेटवालाही फिरला. हा तिसरा साक्षीदार. पोलिसांना त्यानं सगळं सांगितलं होतं, आज पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "मी तवा पाणी प्यायला गेलतो." फितूर जाहीर करून घेतला, सरकारी वकील असून मीच त्याचा उलटतपास घेतला. पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय खाली उतरताना मला नमस्कार करून गेला. असा राग आला.

अंबादास अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, मागांची दुरुस्ती बघायचा. काम सोडून दुसरीकडे चालला होता, आणि चार चांगले कामगार त्याच्याबरोबर निघाले होते. मुकादमानं म्हणजे मल्हारीनं दिवस मावळायला कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर त्याला गाठून पाइपनं मारून टाकलं. हे मला माहीत आहे, पोलिसांना माहीत आहे, अख्ख्या एमआयडीसीला माहीत आहे. पण कोर्टापुढे कुणी बोलायला नको?

अंबादासची बायको पद्मा प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर. टॉवेलला शिलाई मारते, रोजावर पाणी सोडून येते. आज जिन्यात विचारलं, "मॅडम, आता कोण राहिलं?" एकच राहिली. त्या प्लॉटवर मेंढरं बसवलेली धनगराची बाई, मायाक्का. तिचं समन्स 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आलंय. राहील कशी, पत्ता म्हणून पोलिसांनी तो प्लॉटच लिहिलाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

समन्सवाले हवालदार दुपारी आले. गेले दोन दिवस गुरांच्या बाजारात, दवाखान्यात, लोकरीच्या व्यापाऱ्याकडे विचारत हिंडलेत. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. वैरागच्या पुढं एका रानात कळप बसलेला सापडला, आणि समन्स बाईच्या हातात दिलं.
म्हणाले, "मेंढरं उद्या कुटं जाणार त्ये मेंढरालाबी म्हाईत नसतंय मॅडम. पर बाई म्हनली येते."
"नक्की?"
"सासरा म्हनला घिऊन येतो. सासरा पक्का हाय."
त्यांना चहा पाजला. रिटायरमेंटला आलेला माणूस, चप्पल तुटलेली. पोलीस खात्यात अशी माणसं आहेत म्हणून आमच्या केसेस उभ्या राहतात. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले आधी बाई येऊ दे, मग कौतुक कर. हे कायम असेच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आली. खरंच आली.

सासरा आणि ती. नवरा मेंढरांपाशी. म्हातारा उंच, वाळलेला, खांद्यावर घोंगडं, चेंबरमध्ये बसायला तयार नाही, दारात उकिडवा. ती त्याच्याकडे पाठ करून, डोक्यावर पदर, पण आवाज खणखणीत. उद्या साक्ष. तिचा पोलीस जबाब तिला वाचून दाखवला. प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय." मधेच एकदा थांबवलं मला. जबाबात लिहिलंय मेंढरं चारत होते. "चारत न्हवते, मोजत हुते. सांजच्याला मोजत्यात." बरं वाटलं. अशी दुरुस्ती करणारा साक्षीदार खरा असतो.

घाबरलीस का विचारलं. म्हणाली, "कारखान्याच्या टाकीचं पाणी पिलंय आमच्या मेंढरांनी दोन उन्हाळं. मुकादमानं कदी न्हाय म्हटलं न्हाय. म्हणून आदी लई दिस गप हुते."
"मग का बोललीस?"
"ती बाई आली हुती की प्लॉटवर. मेलेल्याची बायकू. कुटं पडला हुता इचाराया."

पद्मा माझ्याकडे याबद्दल एक अक्षर बोललेली नाही आजवर.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायचं खूप आहे.

माझा सरतपास छान चालला होता. मेंढरं मोजत होती, शिव्या ऐकू आल्या, वळून पाहिलं, पाइप, एकदा, दोनदा, माणूस पडला, मारणारा गेटकडे गेला. सरळ, सोपं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. मारणाऱ्याचं नाव काय?

पुन्हा विचारलं. खाली मान. पदर पुढं ओढला. बचावाचे वकील, ज्यांना आमचा सगळा बार अण्णा म्हणतो, ते खुर्चीत मागं टेकले. मला कळून चुकलं, हिलाही गाठलंय कुणीतरी. काल संध्याकाळी, नाहीतर आज सकाळी एसटी स्टँडवर. जबाबात ढळढळीत नाव आहे, काल वाचून दाखवलं तर व्हय म्हणाली, आणि आज... उभी राहून फितूरचा अर्ज करायला तोंड उघडलं होतं मी. शब्द अर्धा बाहेर.

जजसाहेबांनी हात केला. साहेब विदर्भातले, शांत. तिला पाणी द्यायला लावलं, म्हणाले, "बाई, नाव आठवत नाही का?"
"आठवतंय की."
"मग सांगायचं नाही?"
"घ्याचं न्हाय मला. मामंजींचं नाव हाय त्ये."

कोर्टात हशा. साहेब हसले नाहीत. प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग तिनं आरोपीकडे बोट केलं, "ह्यो." मी खाली बसले. साहेबांनी एक प्रश्न विचारला नसता, तर माझी एकुलती एक खरी साक्षीदार मी माझ्याच तोंडानं खोटी ठरवली असती. देव त्यांचं भलं करो. काल मी एकटीच वाचत होते, तिच्या तोंडून नाव एकदाही वदवून घेतलं नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग अण्णांचा उलटतपास. अण्णा म्हणजे लोण्यात सुरी. पोलिसांना नाव तू सांगितलंस? "न्हाय." मग जबाबात कुणी लिहिलं? "मी म्हनलं मामंजींच्या नावाचा मुकादम. त्येंनी भाईर जाऊन मामंजींना नाव इचारलं आन लिवलं." म्हणजे नाव पोलिसांनी घातलं? "व्हय." अण्णांचा चेहरा खुलला. कारखान्यात मुकादम दोन. एकाचं नाव पोलिसांनी घातलेलं. आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस उभा, बोट आणखी कुणाकडे करणार? वेळ संपली. उरलेला उलटतपास सोमवारी.

जेवताना ह्यांना सांगितलं. हसले. म्हणाले, "तू तरी कधी घेतलंस माझं नाव? लग्नात उखाण्यात घेतलंस तेवढंच." खरंच की. काळा कोट घालून जगाला नावं विचारत फिरते, आणि या वहीतसुद्धा 'हे'.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपवास. सासूबाईंना घेऊन सिद्धेश्वराला. रांग तळ्यापर्यंत.

पुढच्या वळणावर ती दोघं. म्हातारा आणि मायाक्का. इथं कुणा पाहुण्याकडे उतरलेत सोमवारपर्यंत. तिनं मला पाहिलं, हसली, रांग सोडून यायला निघाली. मी तोंड फिरवलं. उलटतपास अर्धवट असताना साक्षीदाराशी एक शब्द बोलायचा नाही. कुणी पाहिलं असतं, तर अण्णा उद्या विचारणारच, देवळात मॅडमनी काय शिकवलं? पण हे तिला कोण सांगणार? डोळ्याच्या कडेनं दिसलं, ती थांबली. मग म्हाताऱ्यानं लांबूनच हात जोडले आणि तिला परत रांगेत घेतलं.

सासूबाई कन्नडमधून म्हणाल्या, कोण गं ती, ओळखीची? म्हटलं नाही. देवळाच्या दारात खोटं बोलले.

काय वाटलं असेल तिला. वैरागहून इतक्या लांब आली, आणि कामापुरतं गोड बोलणारी मॅडम. उद्या आलीच नाही तर मी तोंड का फिरवलं ते तिला कधी कळणारही नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या आधी येऊन बसली होती. सिद्धेश्वरा, तुझे उपकार.

आज म्हातारा आत, मागच्या बाकावर, पद्माच्या शेजारी.

अण्णांनी तिथूनच धरलं. संध्याकाळ होती? व्हय. लांब होतीस? लांब न्हवं, मेंढराच्या दोन हाका. हे लिहून घेताना स्टेनोची पंचाईत. मुकादम दोन होते? व्हय, दुसरा बुटका, त्यो न्हवता तितं. मग अण्णांनी आवाज खाली आणला. "बाई, सासऱ्याचं नाव वगैरे हे तुला शिकवलेलं आहे. तुला मुकादमाचं नाव माहीतच नाही. पोलिसांनी बोट दाखवायला सांगितलं, तू दाखवलंस. माहीत असेल तर घे नाव. आत्ता."

मी मनात जुळवाजुळव करत होते. फेरतपासात सासऱ्याचं नाव विचारावं, तर तेही ती घेणार नाही. नवऱ्याचं आधार कार्ड? त्यानं सासऱ्याचं नाव कळेल, पण तिला मुकादमाचं नाव माहीत होतं हे कुठं सिद्ध होतं? साहेब म्हणाले, "बाई, सक्ती नाही. पण सांगायचं असेल तर हीच वेळ आहे." तिची मान खाली. पिंजऱ्याचं लाकूड घट्ट धरलेलं. माझ्यानं बघवेना.

मागं काठी वाजली. म्हातारा उठला होता. घोंगडं खांद्यावर टाकलं, साहेबांकडे बघून वाकून नमस्कार केला आणि चालत बाहेर गेला. कुणाकडे बघितलं नाही. शिपायानं दार लावून घेतलं.

मायाक्कानं दाराकडे बघितलं. बंद झालंय याची खात्री केली. मग साहेबांकडे तोंड करून म्हणाली, "मल्हारी. मल्हारी मुकादम. मारताना कामगार वरडत हुते, मल्हारीदादा सोडा, सोडा. समदे हुते तितं. आता बोलत न्हाईत."

आणि दोन्ही गालांवर बोटं मारून घेतली, पदर तोंडाला लावला. या वेळी कुणी हसलं नाही. अण्णांनी थोडा वेळ कागद चाळले आणि प्रश्न संपले म्हणाले. मला फेरतपासाची गरज राहिली नाही. माझे डोळे भरले होते आणि ते लपवायला मी मुद्दाम फाईल खाली पाडली.

बाहेर आल्यावर तिचे दोन्ही हात हातात घेतले. आता बोलायला मोकळी. रविवारचं सांगितलं, का तोंड फिरवलं ते. "मामंजी म्हनले हुते, मॅडमचा नेम असंल काय तरी." नाव घेताना फार जड गेलं का विचारलं. म्हणाली, "देवाचं बी घेत न्हाय मी मॅडम. जेजुरीवाला म्हणते. लग्न झाल्यापास्नं."

म्हातारा पार्किंगच्या लिंबाखाली. पद्मा त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती. मी म्हटलं, "बाबा, फार मोठं काम झालं आज."
"आसंल. मला काय ठावं न्हाय. मी भाईर हुतो."
एवढंच. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

जाताना अण्णा जिन्यात भेटले. "मॅडम, तुमच्या म्हाताऱ्यानं एक शब्द न बोलता माझा उलटतपास मारला." अण्णाही दिलदार माणूस.

इतकी वर्षं या कोर्टात. माणसं भीतीनं, लोभानं, नात्यानं फिरताना पाहिली, आणि हळूहळू वाटायला लागलं होतं की खरं बोलायला कुणी येतच नाही. आज फार कृतज्ञ वाटतंय. कुणाला तरी सांगावं म्हणून इथं लिहितेय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

युक्तिवाद संपले. अण्णांचा मुद्दा नेटका: एकच साक्षीदार, तिघे फितूर, जबाबातलं नाव पोलिसांनी घातलेलं. माझा मुद्दा मायाक्का. आणखी काही नाही माझ्याकडे, आणि मी तसंच सांगितलं. निकाल शुक्रवारी.

हवालदार सांगत होते, एमआयडीसीकडच्या रानमालकांनी त्या कळपाला यंदा बसू देणार नाही म्हणून निरोप धाडलाय. उन्हाळा तोंडावर, दोन वर्षं पाण्याला तिथंच यायचे. हे तिला साक्षीआधीच कळलं होतं म्हणे. मला बोलली नाही. मी किती विचारलं, घाबरलीस का, कुणी धमकी दिली का. तिनं पाण्याचे उपकार तेवढे सांगितले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी अनोळखी नंबर.
"मॅडम, मल्हारी बोलतोय."
आरोपीचाच फोन, असं वाटलं. मग मागं मेंढरांचा आवाज आला आणि कळलं.
"बोला बाबा."
"निकाल उद्या हाय म्हनं."
"हो. अकरा वाजता."
"काय हुईल?"
"सांगता येत नाही बाबा. खरं सांगते. पन्नास-पन्नास."

म्हटलं, आता मेंढरं कुठं नेणार? "बघू की. रान मोठं हाय." मग म्हणाले, "मॅडम, ती इचारत न्हाय कुणाला. पर मेंढरं मोजताना चुकाया लागलीया रोज. एक करा. निकाल ह्याच नंबरावर मला सांगा, तिला न्हाय. चांगला लागला तर मी सांगतो. वाईट लागला तर मेंढरं लांब काडतो कर्नाटकात, आन तिला म्हणतो आजून तारीखच पडलीया. कोर्टाचं काम हाय, पटंल तिला."

मी हो म्हटलं.