दुर्बिणीशी कोण बसणार

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नका. हे पत्र तुम्हाला आई वाचून दाखवणार. तुमच्या नजरेच्या मधोमध काळा डाग बसलाय आणि अक्षरं त्यात गडप होतात, हे मला तिनेच सांगितलं. म्हणून आधी तिच्याशी बोलतो. आई, एकही ओळ गाळायची नाही आणि गोड करून वाचायची नाही. रविवारी फोन करून मी उलटतपासणी घेणार आहे. आणि बाबा, तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही. पाहिजे ते मिळेल, पण सगळं ऐकून घेतलंत तर.

तुमचा निरोप पोचला. फोनवर आई बोलत होती, पण मागून तुम्ही खाकरत होतात, म्हणजे शब्द तुमचेच. डॉक्टर म्हणाले आहेत की उरलीसुरली नजरही हळूहळू जाणार. त्याआधी ताऱ्यांचा एक तरी धड फोटो काढायचाय. तर मी रजा टाकून यावं, दुर्बिणीशी बसावं आणि ताऱ्यांमागे तिला फिरवणारं यंत्र ध्रुवाला लावून द्यावं. यावं, बसावं, द्यावं! कसा आहेस, काय खातोस, हे त्या निरोपात कुठे बसलं नाही. मी येणार नाही. हे आत्ताच सांगतो, उगाच आशेवर ठेवत नाही.

तुम्ही पाठवायला लावलेला फोटो पाहिला. ताऱ्यांच्या नुसत्या अळ्या झाल्यात. तुमचं म्हणणं मोटर बिघडली. मोटरवर कशाला आळ घेता? ती चुकली असती तर अळ्या पूर्व-पश्चिम लांबल्या असत्या. ह्या उत्तर-दक्षिण लांबल्यात. म्हणजे आस चुकलाय, ज्याच्याभोवती यंत्र फिरतं तो दांडाच वाकड्या दिशेला रोखलाय. हे तुमच्याकडूनच शिकलो. मला नव्हतं शिकवलंत म्हणा. तुम्ही गच्चीवर तारे बघायला येणाऱ्या त्या चष्मेवाल्या मास्तरांना समजावत होतात आणि मी जिन्यात बसून ऐकत होतो. ध्रुवतारासुद्धा जागचा हलतो, खरा ध्रुव त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत आहे, हे तुम्ही किती जणांना छाती काढून सांगितलंत! आणि आता डोळ्याच्या कडेने तो तेवढा ठिपका दिसला, की दिलात आस त्याच्यावरच दडपून. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला उभा सोलला असतात.

बाकीचे लोक मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण लावतात. तिचा कॅमेरा एका ताऱ्यावर लक्ष ठेवतो आणि यंत्र जरा भरकटलं की त्याला सावरून घेतो. तुम्ही त्याला कुबड्या म्हणायचात. तुमचं म्हणणं, आस एकदा काटेकोर लावला की मध्ये हात लावायची गरजच नाही, शटर उघडा आणि खुशाल उभे राहा. यंत्राचं ते खरं असेल. पण तुम्ही पोरगाही तसाच वाढवलात. एकदा शाळेत नेऊन बसवला, झालं काम. पुढे तो कुठे सरकतोय ते बघायला तुम्ही आला नाहीत. मी नववीत शाळा सोडली हे तुम्हाला कळलं तोवर माझ्या वह्यांची रद्दी झाली होती. आणि कळल्यावर काय म्हणालात? हा मुळातच वाकडा बसलाय. एवढं बोलून कानस घेतलीत आणि यंत्राच्या चाकाचे दाते घासत बसलात. त्या दात्यांना जेवढं गोंजारलंत त्याच्या पावपट जरी मला...! जाऊ दे. आई, पाणी पिऊन घे.

एकदाच बसवलंत मला दुर्बिणीशी. तुम्ही खाली पाठीवर आडवे, बोटं दोन्ही स्क्रूंवर. भिंगात लाल रेघांची फुली, आणि भिंगाच्या कडेला तुम्ही लावलेला पांढऱ्या रंगाचा ठिपका. तारा आडव्या रेघेवर आणायचा, मोटर चालू ठेवायची आणि तो ठिपक्याकडे सरकतो की ठिपक्यापासून लांब, एवढंच सांगायचं. दक्षिणेला उंचावर असलेला तारा सरकला तर आस डावी-उजवीकडे चुकलाय, बाजूचा स्क्रू. पूर्वेला खाली असलेला तारा सरकला तर आस वर-खाली चुकलाय, खालचा स्क्रू. मी सगळं बरोबर सांगत होतो. पण माझा गुडघा तिपाईला लागला आणि तारा उडाला. ह्याच्या पायाला भिंगरी आहे, असं मास्तरांसमोर म्हणालात आणि मला खाली हाकललंत. ती भिंगरी अजून आहे. टायरचं दुकान सोडलं, बेकरी सोडली. इथे मात्र टिकलोय.

इथे आम्ही लिफ्ट बसवतो. चौघांना एक खोली आहे, खिडकी उघडली की समोर भिंत. मुकादम तोंडाचा फाटका आहे, माझ्या अक्षराला हसतो, मला 'वकीलसाहेब' म्हणतो. पण प्रत्येक मजल्यावर थांबतो, ओळंबा बघतो, रूळ जरा कलला असेल तर मला हाक मारतो, बोल्ट सैल करायला लावतो आणि परत कसून घेतो. पुन्हा चुकलं की पुन्हा. शिव्या घालतो, पण माझ्याकडे पाठ करून जात नाही. सुरुवातीला मला वाटायचं की आता हा काढून टाकणार. कुणी चूक दाखवतो आणि तरी आपल्याला ठेवूनही घेतो, हे मला माहीतच नव्हतं.

आणि आईचं काय? ती तर गच्चीच्या शेवटच्या पायरीपुढे कधी आलीच नाही. तिच्या पावलांनी जमीन हादरते म्हणे! तुमची शाल पायरीवर ठेवायची, आवाज न करता उतरायची, घरातल्या घरात चोरासारखी. तारा केसभर सरकलेला दिसतो, पण बायको तापाने फणफणलीय ते दिसत नाही, हे कसले डोळे? ती बोलायला लागली की तुम्हाला गच्चीवर काम आठवतं. रिकाम्या आभाळातली जागा नेमकी सापडते, आणि घरातलं जितंजागतं माणूस सापडत नाही. इतक्या वर्षांत ती काय म्हणते ते ऐकायला एकदा तरी मान वळवलीत? तिला त्या दुर्बिणीतून एकदा तरी बघू दिलंत? आई, थांबू नकोस. वाच.

तुम्हाला वाटत असेल, पोरगं लांब गेलं आणि तोंड सोडायला शिकलं. बाबा, यातलं माझं थोडंच आहे. शाळेचं माझं, भिंगरीचं माझं. पायरीचं, तापाचं, न वळलेल्या मानेचं, ते सगळं तिचं आहे, शब्दासकट. तुम्ही वर असताना भांडी घासता घासता ती मला ऐकवायची. आता तुम्ही घराबाहेर पडलात की फोनवर ऐकवते. तुमच्यासमोर बोलायला गेली की तुम्ही उठून जिना चढता. आज उठला नाहीत. ध्रुवाचं काहीतरी पुढे येईल म्हणून बसून राहिलात, आणि तिचं म्हणणं तिच्याच आवाजात ऐकलंत. त्यासाठीच हे लिहिलं. नाहीतर 'येत नाही' एवढं फोनवरही सांगता आलं असतं. आता ध्रुवाचं ऐका. समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या शर्टाचं कुठलं बटण तुटलंय ते तिला आपल्या खिडकीतून दिसतं. तिला वर न्या, खुर्ची द्या, दुर्बिणीशी बसवा. स्क्रू तुमच्या बोटांना पाठ आहेत, त्यांना डोळे लागत नाहीत. तारा कुठे सरकतोय ते ती सांगेल. ती 'अजून' म्हणाली की अजून फिरवा. 'थांबा' म्हणाली की थांबा. तुम्हाला पटलं नाही तरी थांबा.

तुमचाच, पण तुमच्या आधी तिचा,
मुलगा