सुरुंगाच्या कोठीचा राखणदार

सांगली, ता. १८ नोव्हेंबर १९४६

तीर्थरूप आकारामदादास, धाकट्या नाथाजीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आई पाटणला बरी आहे. जपानचा भात खाऊन दादा मऊ झाला असंल, म्हणते.

मी खडीच्या खाणीवर सुरुंगाच्या दारूची कोठी राखतो, हे तुम्हांला माहीत आहे. काल दगडामावशीचा जोतिबा आला होता. बेचाळीसच्या चळवळीत ज्याच्या चुगलीनं त्याचा भाऊ धरला गेला अन् तुरुंगात मेला, त्या माणसाच्या मुलीचं माघात लग्न आहे. जोतिबाला मांडवाखाली सुरुंग लावायचा आहे. बायकापोरं असतील म्हटलं, तर म्हणाला, त्याला माझा इलाज न्हाई. किल्ली माझ्याजवळ असते. त्याला नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. काय करू, कळवावं. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला नाथाजी

जपान, ता. १४ डिसेंबर १९४६

चि. नाथाजीस अनेक आशीर्वाद.

जोतिबाचं दुःख मला ठाऊक आहे. तरी दारू द्यायची नाही. पलटणीबरोबर इथं बंदोबस्ताला आल्यापासून मी हिरोशिमा पाहून आलो. आपल्या साताऱ्यासारखी कैक गावं मावतील एवढं शहर, एका बॉम्बनं गेलं. एक म्हातारी जळक्या पत्र्याच्या आडोशाला चूल पेटवत होती. आमचे हवालदार लालासाहेब म्हणाले, आज हे एका सरकारापाशी हाय. उद्या पेटीत मावाया लागलं अन् कुणा सूडानं पेटलेल्याच्या हाती गावलं, तर त्याला अडवायचं कुणी? तुझ्या कोठीपुरतं उत्तर एवढंच, की तू अडवायचं. त्याला समजाव. ऐकलं नाही, तर मालकाला सांग. आईला जप.

तुझा आकाराम

सांगली, ता. १० फेब्रुवारी १९४७

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र जोतिबाला वाचून दाखवलं. वाटलं, विरघळेल. तो म्हणाला, असलं आपल्यापाशी असतं तर लय बरं झालं असतं. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली. मी मालकाला सांगितलं. दारू हलवली. लग्नाच्या आदल्या दिवशी जोतिबा रिकाम्या कोठीचं कुलूप फोडताना सापडला. पोलीस नेताना शिवी देईल वाटलं होतं. आईकडं बघ, एवढंच म्हणाला.

लग्न झालं. पोरं जेवून उठली. त्यांना काहीच ठाऊक नाही. मावशीकडं गेलो, तर तिनं मान वर केली नाही. एक ल्योक चुगलीनं गेला, दुसराबी चुगलीनंच, असं म्हणाली. दादा, मला जेवण जात नाही. आठवण ठेवावी.

आपला नाथाजी

जपान, ता. ६ मार्च १९४७

चि. नाथाजीस आशीर्वाद.

तू केलंस ते बरोबर. मावशीलाही खोटं म्हणवत नाही. लालासाहेबांना तुझी हकिकत सांगितली. ते म्हणाले, त्या मोठ्या बॉम्बच्या कोठ्या उद्या देशोदेशी व्हतील. परत्येकीला असा राखणदार लागंल, अन् परत्येक राखणदाराला कुणीतरी मावशी असंल.

पलटण लवकरच परतणार म्हणतात. आलो की आधी तुरुंगात जोतिबाला भेटेन. त्याच्याशी काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर लिही.

तुझा आकाराम